‘बिलियन’ म्हणजे किती?

१५ नोव्हेंबर २०२२ या दिवसाची संयुक्त राष्ट्रसंघाने विशेष नोंद केली. त्या दिवशी पृथ्वीवरील माणसांची संख्या आठशे कोटींवर पोहोचली, असे जाहीर करण्यात आले. हीच संख्या इंग्रजीत सांगताना ‘एट बिलियन’ असे म्हणतात. आता अशी कल्पना करा की, ‘बिलियन’ म्हणजे नेमके किती हे पाहण्यासाठी एखाद्या जिज्ञासू मुलाने घरातील कपाट उघडले आणि आजोबांच्या विद्यार्थिदशेतील, इंग्लंडात छापलेला एक जुना इंग्रजी शब्दकोश बाहेर काढला. त्यात त्याला ‘बिलियन’चा अर्थ सापडेल तो असा : दशलक्ष गुणिले दशलक्ष, म्हणजे एकावर बारा शून्ये! या हिशेबाने पृथ्वीवरील माणसे आठ लाख कोटी होतील. म्हणजे खऱ्या संख्येच्या बरोबर हजारपट.

मग चूक कोणाची? शब्दकोशाची, की लोकसंख्या सांगणाऱ्याची? नवल असे की, चूक दोघांचीही नाही. शब्दकोश छापला गेला तेव्हा इंग्लंडात त्या शब्दाचा तोच अर्थ होता. आज त्याचा अर्थ एकावर नऊ शून्ये, म्हणजे शंभर कोटी किंवा एक अब्ज असा आहे. एकाच शब्दाला दोन निरनिराळ्या संख्यांचे अर्थ कसे प्राप्त झाले, हे समजून घ्यायचे असेल तर त्या शब्दाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागेल.

‘बिलियन’च्या आधी जन्माला आला तो ‘मिलियन’. लॅटिन भाषेत हजाराला ‘मिले’ म्हणतात. प्राचीन रोमन लोक रस्त्यावरील अंतर हजार पावलांच्या मापाने मोजीत. डावे पाऊल उचलल्यापासून पुन्हा डावेच पाऊल टेकेपर्यंतचे अंतर म्हणजे त्यांचे एक पाऊल. या हजार पावलांच्या मापावरूनच इंग्रजीतील ‘माइल’ हा शब्द आला, आणि आपल्याकडे त्याचाच ‘मैल’ झाला. रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडातही अशा रीतीने एक संख्या दडलेली आहे!

रोमन लोकांचे काम हजारांवर भागत असे. त्याहून मोठी संख्या सांगायची तर ते ‘शंभर हजार’, ‘हजार हजार’ असे जोडून बोलत. पुढे मध्ययुगात इटलीतील नगरांचा व्यापार भरभराटीस आला. पेढ्या निघाल्या, हिशेबाच्या वह्या वाढल्या. ‘हजार हजार’ असे वारंवार म्हणण्यापेक्षा एखादा सुटसुटीत शब्द असावा, असे लोकांना वाटू लागले. इटालियन भाषेत एखादी वस्तू मोठी आहे हे दाखविण्यासाठी शब्दाच्या शेवटी ‘ओने’ असा प्रत्यय लावतात. ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू, तर ‘पाल्लोने’ म्हणजे मोठा चेंडू. मराठीत आपण सुरीहून मोठा तो सुरा आणि गाडीहून मोठा तो गाडा म्हणतो. तसाच हा प्रकार. ‘मिले’ला हा प्रत्यय लागून ‘मोठा हजार’ या अर्थाचा शब्द तयार झाला. तोच हा ‘मिलियन’. हजारांचा हजार, म्हणजे आपला दशलक्ष. इटलीतून हा शब्द फ्रान्समध्ये गेला आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीतही रूढ होऊ लागला.

परंतु संख्यांची वाट दशलक्षापाशी संपत नाही. त्यापुढच्या संख्यांना काय म्हणावे? या प्रश्नाचे व्यवस्थित उत्तर देणाऱ्यांत निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. त्याने वैद्यकाची पदवी घेतली होती. पण त्याचे मन रमले ते गणितात. पंधराव्या शतकात तो फ्रान्समधील लीआँ या व्यापारी शहरात राहत असे. तेथे १४८४ साली त्याने संख्याशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला.

शुकेची युक्ती मोठी सोपी होती. लांबलचक संख्येचे उजवीकडून सहा-सहा अंकांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटानंतर एक खूण करावी. पहिली खूण मिलियनची, दुसरी बिलियनची, तिसरी ट्रिलियनची, याप्रमाणे पुढे जावे. त्याने उदाहरणादाखल दिलेली संख्या अशी होती : ७४५३२४ ८०४३०० ७०००२३ ६५४३२१. एवढी चोवीस अंकी संख्या पाहून कोणाचीही छाती दडपेल. पण शुकेच्या रीतीने ती सहज वाचता येते : सात लक्ष पंचेचाळीस हजार तीनशे चोवीस ट्रिलियन, आठ लक्ष चार हजार तीनशे बिलियन, सात लक्ष तेवीस मिलियन, सहा लक्ष चौपन्न हजार तीनशे एकवीस.

या नावांमागे एक तर्कही होता. ‘बिलियन’मधील ‘बि’ म्हणजे दोन. लॅटिनमधील हा ‘बि’ आणि संस्कृतातील ‘द्वि’ हे एकाच कुळातले. ‘ट्रिलियन’मधील ‘ट्रि’ तर आपल्या ‘त्रि’चा सख्खा भाऊच शोभतो. दोन मिलियन एकमेकांनी गुणले की बिलियन, तीन मिलियन गुणले की ट्रिलियन, चार गुणले की क्वाड्रिलियन. नावातला आकडा पाहावा आणि शून्ये सांगावीत : बिलियनची दोन सक बारा, ट्रिलियनची तीन सक अठरा. शुकेने ही नावे नवापर्यंत, म्हणजे नोनिलियनपर्यंत रचली आणि त्यापुढेही हवे तितके जाता येईल, असे सुचविले.

दुर्दैवाने शुकेचा ग्रंथ त्याच्या हयातीत छापला गेला नाही. त्याचे हस्तलिखित एत्येन द ला रोश या लीआँमधीलच दुसऱ्या गणितज्ञाच्या हाती आले. १५२० साली त्याने अंकगणितावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात शुकेचा पुष्कळसा मजकूर उतरून घेतलेला होता. शुकेचा मूळ ग्रंथ छापील रूपाने बाहेर आला तो १८८० साली. चार शतकांच्या या अवधीत ग्रंथकर्त्याचा लोकांना जवळजवळ विसर पडला. पण त्याच्या लेखणीतून उतरलेले शब्द मात्र अनेक भाषांत फिरत राहिले.

इंग्लंडात ‘बिलियन’ या शब्दाचा पुरस्कार करणाऱ्यांत जॉन लॉक हा तत्त्वज्ञ होता. माणसाला ज्ञान कसे होते, याविषयी त्याने १६९० साली एक विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने संख्येच्या नावांचाही विचार केला आहे. प्रत्येक संख्या ही मागच्या संख्येत एक मिळवून होते. तेव्हा त्या प्रत्येकीला वेगळे नाव किंवा वेगळी खूण नसेल, तर मोठ्या संख्या मनात वेगवेगळ्या राहूच शकणार नाहीत. त्यांचा एक गोंधळलेला ढीग होईल, असे लॉकचे म्हणणे होते. त्याच्या काळी इंग्रजीत मोठी संख्या वाचताना ‘मिलियन मिलियन मिलियन’ असा जप करावा लागे. किती वेळा ‘मिलियन’ म्हटले हे म्हणणाराच विसरून जाई, मग ऐकणाऱ्याचे काय? म्हणून लॉकने सहा-सहा अंकांचे गट मांडून त्यांवर बिलियन, ट्रिलियन ही नावे लिहून दाखविली. खोलीत अनेक वस्तू असल्या आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असली, म्हणजे हवी ती चटकन हाती लागते. मोठ्या संख्यांच्या बाबतीत हेच काम नावे करतात.

येथवर सारे सुरळीत चालले होते. घोटाळा झाला तो अंकांचे गट पाडण्याच्या सवयीमुळे. सहा अंकांचा गट एका दृष्टिक्षेपात भरत नाही. तीन अंकांचा भरतो. पुढे तीन-तीन अंकांवर खूण करण्याची पद्धत रूढ झाली, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समधील लेखक त्या लहान गटांनाच शुकेची नावे देऊ लागले. हजार, मग मिलियन, मग हजार मिलियनना बिलियन, आणि हजार बिलियनना ट्रिलियन. या नव्या गणतीत बिलियनची नऊच शून्ये उरली. नावातील ‘दोन’ आणि शून्यांची संख्या यांचा जुना मेळ तुटला. पण नाव मात्र तेच राहिले.

अमेरिकेने ही नवी फ्रेंच पद्धत स्वीकारली. इंग्लंड जुन्या अर्थालाच धरून राहिले. अशा रीतीने अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवर एकच इंग्रजी भाषा बोलली जात असता तीमधील एका शब्दाचे दोन अर्थ झाले. अमेरिकन माणसाने ‘बिलियन’ म्हटले की एकावर नऊ शून्ये समजावीत. इंग्रजाने म्हटले की बारा.

नऊ आणि बारा यांत फरक तो केवढा, तीनच शून्यांचा, असे कोणाला वाटेल. या तीन शून्यांचे सामर्थ्य पाहायचे असेल तर घड्याळाकडे पाहावे. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. तेव्हा एक मिलियन सेकंद म्हणजे साडेअकरा दिवसांहून थोडा अधिक काळ. शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीएवढाच म्हणा ना! अमेरिकन पद्धतीचे एक बिलियन सेकंद म्हणजे ३१ वर्षे आणि सुमारे ८ महिने. तेवढ्यात शाळेतील बालक प्रौढ गृहस्थ होईल. आणि जुन्या इंग्रजी पद्धतीचे एक बिलियन सेकंद? सुमारे ३१,७०० वर्षे! इतक्या वर्षांपूर्वी माणसाला शेती ठाऊक नव्हती आणि लेखनकलेचा तर जन्मही झालेला नव्हता.

शास्त्राच्या पुस्तकांत तर हा घोळ फारच अडचणीचा ठरतो. सूर्य वगळता आपल्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे पंचवीस लाख कोटी मैलांवर आहे. जुन्या इंग्रजी पद्धतीने हे अंतर ‘पंचवीस बिलियन मैल’ असे लिहिले जाईल. आजच्या पद्धतीने ते ‘पंचवीस ट्रिलियन मैल’ होते. जुने पुस्तक वाचताना कोणी ‘बिलियन’चा आजचा अर्थ घेतला, तर तो तारा हजारपट जवळ येईल आणि सूर्यापासून नेपच्यून ग्रह जेवढा दूर आहे, त्याच्या सुमारे नऊपट अंतरावरच येऊन बसेल. वाचणाऱ्याची गणिते बरोबर असतील, पुस्तकातील अंकही बरोबर असतील. आणि तरीही उत्तर साफ चुकेल.

हा पेच सोडविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. पण ते दोन विरुद्ध दिशांनी झाले. ज्या फ्रान्सने नऊ शून्यांचा बिलियन जगाला दिला, त्यानेच १९६१ साली कायद्याने आपला जुना, बारा शून्यांचा अर्थ पुन्हा स्वीकारला. नऊ शून्यांच्या संख्येसाठी फ्रेंचमध्ये ‘मिल्यार’ असा वेगळा शब्द आहेच. इकडे इंग्लंडात नेमके उलट घडले. ब्रिटनच्या पार्लमेंटातील एका सभासदाने अशी मागणी केली की, मंत्र्यांनी ‘बिलियन’ हा शब्द केवळ ब्रिटिश अर्थानेच, म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष याच अर्थाने वापरावा. २० डिसेंबर १९७४ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी त्यास लेखी उत्तर दिले. ते नकाराचे होते. या शब्दाचा हजार मिलियन हाच अर्थ आता देशोदेशी चालू आहे. आपल्या मंत्र्यांनी निराळा अर्थ घेतला तर गोंधळ होईल, असे त्यांनी कळविले. तेव्हापासून ब्रिटिश सरकारच्या आकडेवारीत बिलियन म्हणजे एकावर नऊ शून्ये, हे पक्के झाले.

म्हणजे पाहा, खाडीच्या अलीकडील देशाने जो अर्थ टाकला, तो तेरा वर्षांनी पलीकडील देशाने उचलला! सभासदाची मागणी तर्काला सोडून नव्हती. बारा शून्यांचा अर्थच शब्दाच्या व्युत्पत्तीला धरून आहे, हे कोणीही मान्य करील. पण शब्द हे बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या अशा दोघांच्या सोयीसाठी असतात. ऐकणारा भलतेच समजणार असेल, तर व्युत्पत्ती कितीही शुद्ध असली तरी तिचा उपयोग काय? विल्सन यांनी व्युत्पत्तीपेक्षा परस्परांच्या समजुतीला अधिक महत्त्व दिले.

तथापि आजही सर्व जगाचे एकमत झालेले नाही. इंग्रजीत बिलियन म्हणजे शंभर कोटी. पण जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांतील त्याच शब्दाचा अर्थ लाख कोटी असा होतो. पोर्तुगीज भाषेची तर अधिकच गंमत आहे. पोर्तुगालमधील बिलियनला बारा शून्ये आणि ब्राझीलमधील बिलियनला नऊ! म्हणून इंग्रजी बातमीचे जर्मनमध्ये भाषांतर करणाऱ्याला डोळ्यांत तेल घालून काम करावे लागते. शब्द दिसायला सारखा, म्हणून तसाच उतरून घेतला की संख्या हजारपट फुगते.

शास्त्रज्ञांनी यातून आपला मार्ग काढला आहे. ते शक्यतो शब्द टाळतात आणि दहाचा नववा घात, दहाचा बारावा घात असे लिहितात. एकावर किती शून्ये हे त्यात उघडच दिसते. १९६० साली वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मोठ्या मापांसाठी काही उपपदेही ठरवून दिली. त्यांत नऊ शून्यांसाठी ‘गिगा’ आणि बारा शून्यांसाठी ‘टेरा’ ही उपपदे आहेत. ग्रीक भाषेत पहिल्याचा मूळ अर्थ राक्षस, तर दुसऱ्याचा अक्राळविक्राळ प्राणी. संगणकाच्या साठवणुकीविषयी बोलताना ‘गिगाबाइट’, ‘टेराबाइट’ हे शब्द आज मुलांच्याही तोंडी असतात. ते याच उपपदांपासून बनले आहेत.

हे वाचून कोणी म्हणेल, हा सारा पाश्चात्त्यांचा घोटाळा. आपल्याकडे असे नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथात एकम्, दशम् यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. प्रत्येक नाव मागच्याच्या दहापट. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म अशी ती ओळ पुढे जाते. शुकेच्या तीन शतके आधी इतकी सूक्ष्म व्यवस्था आपल्याकडे होती, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु त्याबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, आपली नावेही नेहमी एकाच जागी स्थिर राहिलेली नाहीत. यजुर्वेदातील संख्यांच्या यादीत परार्ध म्हणजे एकावर बारा शून्ये होतात. ‘लीलावती’त ती सतरा झाली आहेत. यजुर्वेदात अर्बुदाला सात शून्ये, ‘लीलावती’त आठ, आणि त्याच अर्बुदापासून निघालेल्या हिंदीतील ‘अरब’ला नऊ! मराठीत आपण खर्वाला दहा शून्ये देतो. हिंदीतील ‘खरब’ला अकरा आहेत. शब्द प्रवासाला निघाले की वाटेत त्यांचे अर्थ सरकतात. हा अनुभव सर्वच भाषांचा आहे.

यातून व्यवहारातील एक साधा नियम लक्षात ठेवावा. आजच्या इंग्रजी वृत्तपत्रात बिलियन आढळले तर शंभर कोटी, म्हणजे एक अब्ज समजावे आणि ट्रिलियन आढळले तर लाख कोटी. मात्र इंग्लंडात छापलेले जुने पुस्तक हाती आले तर ते कोणत्या वर्षी छापले आहे हे आधी पाहावे. पुस्तक दुसऱ्या भाषेतील असेल तर त्या भाषेची रीत कोणती, हे विचारून घ्यावे.

आकाशातील तारा आपल्या जागी आहे आणि आपण त्याचे अंतर कोणत्याही नावाने सांगितले तरी तो तसूभरही हलत नाही. हलते ते नाव. म्हणून मोठी संख्या दुसऱ्याला सांगताना तिचे नाव घेऊनच थांबू नये; एकावर किती शून्ये, तेही सांगावे. आणि कपाटातील आजोबांचा तो शब्दकोश? तो टाकून देऊ नये. आपल्या काळी लोक कोणत्या शब्दाने काय समजत होते, हे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. त्याच्या पहिल्या पानावरील छपाईचे वर्ष तेवढे वाचून मग तो उघडावा.

स्वाध्याय

१. ‘मिलियन’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता? सुरी–सुरा, गाडी–गाडा यांसारखी मराठीतील आणखी तीन जोड्या लिहा.

२. शुकेच्या पद्धतीत नावातील आकडा आणि शून्यांची संख्या यांचा मेळ कसा होता? तो पुढे का तुटला?

३. मोठ्या संख्यांना स्वतंत्र नावे हवीत, असे जॉन लॉकला का वाटत होते?

४. १९६१ साली फ्रान्सने आणि १९७४ साली ब्रिटनने ‘बिलियन’विषयी कोणता निर्णय घेतला? तुमच्या मते कोणाचा निर्णय अधिक योग्य? कारणे द्या.

५. पृथ्वीचे वय इंग्रजीत सुमारे साडेचार बिलियन वर्षे असे सांगतात. ही संख्या मराठीत शब्दांत आणि अंकांत लिहा.